ज्याच्या अंगात पाणी कमी

मंगळवार, ३

आज पुस्तक मिटून मी ते टेबलावर आपटलं. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा झाला. नर्स धावत आली. तिला वाटलं, कुणी खुर्चीवरून पडलं.

"कोर्टबाई, आता काय झालं?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून टेलर म्हणाला.

"लेखक खोटं बोलतोय."

"मग? खोटं बोलायचेच पैसे मिळतात त्याला."

गेले दोन महिने मी दवाखान्याच्या त्या खोलीत कादंबरी वाचून दाखवते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी दोन ते सहा. माझा धाकटा भाऊ, घड्याळं दुरुस्त करतो, त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. दंडात दोन जाड सुया घालून त्याचं रक्त मशीनमधून फिरवतात आणि धुऊन परत आत सोडतात. पाच मशीनं, पाच खुर्च्या, पाच माणसं. भिंतीवरच्या टीव्हीत दिवसभर कुणीतरी कुणावर तरी ओरडत असायचं. ते ऐकून माझंच रक्त धुवायची पाळी आली, म्हणून मी टीव्ही बंद केला आणि पुस्तक काढलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर टेलर नाही म्हणाला असता.

पुस्तक वाचनालयातलं, मुखपृष्ठ आणि पहिली अकरा पानं गेलेली, त्यामुळे लेखक कोण हे कळायला मार्ग नाही. हे त्याचं नशीब. नाहीतर मी त्याला पत्र लिहिलं असतं. गोष्ट अशी: नदीवरचा नवा पूल कोसळतो, माणसं मरतात, तरुण इंजिनियरला फाशी ठरते. आणि भल्या पहाटे मोजमापांच्या वह्या सांभाळणारा म्हातारा कारकून अधिकाऱ्याच्या दारात येऊन उभा. म्हणे, मापं माझी होती, त्याला सोडा, मला न्या. मापं त्याची नव्हतीच! इंजिनियर त्याच्या नात्याचा ना गोत्याचा.

एकतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखिका होते. जे बोललं जाईल ते शब्दन् शब्द उतरवायचं. 'त्यानं केलं' म्हणणारे हजारो पाहिले. सख्ख्या भावाकडे बोट दाखवणारे पाहिले, नव्वदीच्या आईच्या नावावर ढकलणारे पाहिले. 'याला सोडा, मला घ्या' म्हणणारा एक माणूस माझ्या बोटांखालून गेला असेल तर शपथ. हे सगळं मी खोलीला ऐकवलं.

गणिताचे सर म्हणाले, "शक्यता शून्य नाही, कोर्टबाई. फार कमी आहे, इतकंच."

पोस्टमनकाका म्हणाले, "मला बाई तो कारकून आवडला." ते सगळ्यांना बाई म्हणतात, सरांनासुद्धा.

टेलर म्हणाला, "पण त्याला बोलावलं होतं कुणी? आगाऊ म्हातारा."

शेवटच्या खुर्चीवरून चिमणी हळूच म्हणाली, "पुढं वाचा ना. तो इंजिनियर काय म्हणतो?"

तिचं खरं नाव नर्सच्या वहीत असेल. अडतीस किलोची, सहा वर्षांच्या मुलीची आई. पाणी चमच्यानं पिते म्हणून सगळे चिमणी म्हणतात. तिच्यासाठी मी पुढचं पान वाचलं. इंजिनियर रडतो. साहजिक आहे. मीही रडले असते, एवढं वाईट लिहिलंय.

गुरुवार, ५

तीन वाजता चार नंबरचं मशीन शिट्टी मारून बंद पडलं. त्यावर सर होते. टेक्निशियननं हातानं चाक फिरवून त्यांचं रक्त परत आत घातलं. मी आतापर्यंत त्याला नुसता वजन लिहिणारा समजत होते. ते चाक तो जराही न थरथरता फिरवत होता. चिमणीचं आटोपल्यावर तिच्या मशीनवर सरांना राहिलेला वेळ बसवलं आणि संध्याकाळच्या तुकडीच्या शिव्या खाल्ल्या.

मग डॉक्टर आला. नवा आहे, उंटावरचा शहाणा. सुटा भाग मंगळवारी सकाळी येणार. तोवर पाच माणसं, चार मशीनं. सकाळची तुकडी भरलेली, संध्याकाळची भरलेली, रविवारी मशीनं बंद, दुसऱ्या दोन दवाखान्यांत विचारून झालं, जागा नाही. म्हणजे शनिवारी आपल्यातल्या एकाला खुर्ची नाही. आजनंतर थेट मंगळवार. पाच दिवस.

यांच्या अंगातलं पाणी बाहेर जायला दुसरी वाट नसते. दोन दिवसांत जे प्यायलं, जे खाल्लं, ते पायांत साठतं, मग छातीत चढतं. म्हणून येताक्षणी काट्यावर उभं राहायचं: गेल्या वेळेपेक्षा किती वाढलं ते टेक्निशियन लिहितो आणि तेवढं पाणी मशीन काढतं. तहान हा या खोलीतला खरा आजार आहे. पाऊण लिटर दिवसाला, त्यात चहा, आमटी, औषधाचा घोट सगळं आलं.

"शनिवारी वजन बघू," डॉक्टर म्हणाला. "ज्याच्या अंगात पाणी सगळ्यात कमी, तो थांबेल. त्याला धोका सगळ्यात कमी. नियम सगळ्यांना सारखा."

मी उभी राहिले. म्हटलं, "डॉक्टर, सगळ्यात कमी पाणी दर वेळी हिचं असतं." चिमणीकडे बोट केलं. "जी नियम पाळते तिलाच शिक्षा? आणि मागं एकदा हिची पाळी चुकली तेव्हा हिला उचलून आणावं लागलं होतं. विचारा यांना."

"तेव्हा ताप होता. आणि आजी, हा वैद्यकीय निर्णय आहे."

आजी! मी त्याला म्हटलं, "तुमच्या नियमात एक भोक आहे ते दिसतंय का? जो जास्त पिईल त्याची खुर्ची पक्की. उद्या सगळे बादल्या रिचवतील."

"कुणी असं करणार नाही, अशी आशा आहे," तो म्हणाला आणि गेला. आशा! कोर्टात आशेवर सोडलं असतं तर तुरुंग ओस पडले असते.

माझं कुणी ऐकलं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. चिमणी एक किलो, फार तर अकराशे ग्रॅम. तिच्या वर माझा धाकटा, दीड. मग काका आणि सर, दोन-अडीच. आणि टेलर चार. दर वेळी चार. तो सरबत पितो, बर्फ खातो, आणि काट्यावर चढताना म्हणतो, "हाडं जड आहेत माझी." त्याचं पाणी काढायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. तो शनिवारी ऐटीत खुर्चीवर बसेल आणि ही पोर घरी धापा टाकेल.

निघताना तो दारात मला आडवा आला. "कोर्टबाई, तो कारकून. त्याला भीती नाही वाटली का?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही."

"आदल्या दिवशी काय केलं त्यानं? काय खाल्लं, कुठं गेला?"

"तुम्हाला थट्टा सुचतेय?" मी म्हटलं. तो वाटेतून बाजूला झाला. पहिल्यांदाच.

शुक्रवार, ६, सकाळ

धाकट्यानं चहा परत पाठवला. अर्धा कपच असतो त्याचा, तोही नको म्हणे. काल डॉक्टरशी मी तंडले ते त्याला आवडलं नसणार. लहानपणापासून असाच, रागावला की अन्नावर राग काढतो. मी म्हटलं, "पी की. डॉक्टरनं दिलेलं पाणी आहे ते तुझ्या वाटणीचं."

"ताई, तोंडाला चव नाही."

एका घड्याळाचं पोट उघडून बसला आणि भिंग डोळ्याला लावून टाकलं. भिंग लावलं की त्याला काही ऐकू येत नाही, असा त्याचा समज आहे.

शुक्रवार, दुपार

मी फोन उचलला होता. चिमणीला सांगायचं होतं: पोरी, दोन पेले जास्त पी आणि खुर्ची वाचव. आकडे फिरवले. मग ठेवून दिला.

कारण चिमणी वर गेली तर खालून पहिला माझा धाकटा. हे इथं लिहिते, कारण ही वही कुणी वाचणार नाही. काल मी खोलीत उभं राहून तिची वकिली केली. आज तिच्या जागी माझा भाऊ येतोय म्हटल्यावर फोन ठेवला. आणि डॉक्टरला नावं ठेवते.

त्यानं दुपारचं पाणीही घेतलं नाही. बाटलीवर मी रोज पेनानं रेघ मारते. सकाळपासून रेघ हललेली नाही. हा असाच राहिला तर चिमणीच्या खाली जाईल. कळत कसं नाही त्याला? सांगितलं तर म्हणतो, "बरं." पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवार, रात्रीचं जेवण झाल्यावर

सूप केलं. त्यात मीठ घातलं. चुकून नव्हे. पाऊण चमचा जास्त, मोजून. मीठ खाल्लं की तहान लागेल, तहान लागली की पिईल, प्यायला की शनिवारी खुर्ची.

त्याला मीठ विष आहे. मला माहीत आहे. चार वर्षं मी घरात मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवते.

त्यानं एक चमचा तोंडात घेतला. माझ्याकडे बघितलं. "ताई, तू चाखलंस का हे?"

"हो."

"मग ठीक." चमचा ठेवला, पाव कोरडाच खाल्ला आणि उठला.

कॉन्व्हेंट शाळेत असताना मदर सुपीरियरच्या टेबलावरची काचेची दौत माझ्या कोपरानं फुटली होती. शेजारच्या मुलीच्या बोटांना शाई होती, म्हणून तिला धरलं. दोन दिवस ती व्हरांड्यात गुडघ्यांवर होती. मी जाताना-येताना तिच्याकडे बघायचं टाळायची. ती मात्र बघायची. तिनं काही सांगितलं नाही, मीही नाही. पुढं मी इंग्रजीत पहिली आले आणि मदरनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. कारकुनाचा राग मी लेखकावर का काढते, कुणी विचारू नये.

शनिवार, ७

सगळं क्रमानं लिहिते. हात सवयीनं चालेल अशी आशा आहे.

दोनला दहा कमी असताना पोचलो. धाकट्यानं आज मनगटावर घड्याळ घातलं नव्हतं. मी बघितलं, पण विसरला असेल म्हटलं. घड्याळजी घड्याळ विसरला! तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती.

टेलर आधीच कोपऱ्यात बसला होता. ओठ फुटलेले. अंगात नवा सदरा, जाळीसारखा पातळ. मी मनात म्हटलं, थंडीनं ओठ फुटलेत आणि फॅशन सुचतेय.

डॉक्टर आला. टेक्निशियननं वही उघडली.

पहिले सर. काट्यावर चढायच्या आधी त्यांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला, मग खिशातली पेनं, मग पट्टा. टेक्निशियननं आकडा बघितला, काटा शून्यावर आणला, परत बघितलं. "नऊशे ग्रॅम."

सर दर वेळी अडीच किलो असतात.

"बरं वाटत नाही का?" डॉक्टरनं विचारलं.

"उत्तम," सर म्हणाले आणि भिंतीला धरून उतरले.

मग काका. चपला काढल्या, रुमाल काढला, कवळी काढून हातात धरली आणि ती कुठं ठेवावी हे न सुचून माझ्या हातात दिली. आठशे ग्रॅम.

मला वाटलं काटा बिघडलाय. टेक्निशियनलाही तेच वाटलं. तो स्वतः चढला, उतरला, मान हलवली. काटा बरोबर होता.

मग माझा धाकटा. तेव्हा मला कळलं. तो चढायच्या आधी कळलं. रिकामं मनगट, हलली नाही ती रेघ, कोरडा पाव. मी म्हटलं, "नको." बहुतेक मोठ्यानं. तो चढला. सहाशे.

"हे काय चाललंय?" डॉक्टर म्हणाला.

चिमणी चढली. अकराशे. नेहमीसारखीच, एक थेंब इकडे ना तिकडे. सगळ्यांत जास्त पाणी आज तिच्या अंगात होतं. तिनं एकेकाचं तोंड बघितलं. तिच्या ध्यानात आलं तशी ती काट्यावरून उतरायचं विसरली, तिथंच उभी राहिली आणि तोंडावर हात धरला.

"तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू प्यायचंच बंद केलं असतंस," काका म्हणाले. दात नव्हते तरी स्पष्ट ऐकू आलं.

"पण मला तर कुणी सांगितलं नव्हतं," सर काकांना म्हणाले. "मी एकटाच करणार होतो."

"मग मी काय वाजतगाजत करणार होतो?"

कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या घरी, आपापली बाटली बंद करून, दोन दिवस जिभेनं टाळू चाटत बसला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. मी त्या खोलीत उभी होते, हातात पोस्टमनची कवळी.

"म्हणजे मी थांबतो," धाकटा म्हणाला. "सहाशे. ठरलं."

"बस खाली," टेलर म्हणाला. कोपऱ्यातून उठला, भिंतीच्या आधारानं आला आणि काट्यावर चढला.

तीनशे ग्रॅम.

टेक्निशियननं ते मोठ्यानं वाचलं नाही. वही डॉक्टरकडे वळवली. डॉक्टर चारदा वाचत असावा.

"काय घेतलंत? जुलाबाचं औषध?"

"काही घेतलं नाही. तेच तर केलं."

"कधीपासून?"

"परवा इथून गेलो तेव्हापासून. काल दुपारी बर्फाचे तीन खडे चघळले. तीनच. बायको साक्षीला आहे, कोर्टबाई, लिहून घ्या."

मग जे भांडण झालं तसं मी जन्मात ऐकलेलं नाही. कोर्टात माणसं शिक्षा दुसऱ्याच्या गळ्यात घालायला भांडतात. इथं पाच आजारी माणसं ती ओढून घ्यायला भांडत होती.

"हा लबाडी करतोय!" धाकटा ओरडला. "सदरा बघा याचा! मुद्दाम हलका शिवलाय!"

"मग? तू घड्याळ काढून आलास ते? आणि यांनी दात काढले, ते चालतं?"

"टेलरमास्तर, तुमच्या शरीराला सवय नाही," सर म्हणाले. "चार किलोवरून तीनशे, हे धोक्याचं आहे. सरासरी बघितली पाहिजे."

"सर, तुमची सरासरी तुमच्यापाशी. नियम काय? ज्याचं पाणी कमी तो. कुणाचं कमी? माझं." मग तो डॉक्टरकडे वळला. "का हो, नियम सगळ्यांना सारखा ना?"

डॉक्टरनं त्याच्या घोट्यांना बोट लावून बघितलं, छाती ऐकली, रक्त घेतलं. तपासणीचा कागद येईतो पाऊण तास गेला. कुणी खुर्चीवर बसेना. कागद ठीक आला. डॉक्टर स्वतः त्याच्या सदऱ्याची बटणं लावत सूचना देत होता. छाती भरली तर लगेच या, वाट बघू नका. मी त्याला माफ केलं नाही, पण थोडं कमी ओरडेन.

टेलर निघाला. दारात चिमणीनं त्याचा हात धरला. "अगं, सोड," तो म्हणाला. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

आणि मी? ते चौघे खुर्च्यांवर बसले, माझ्या भावाच्या दंडात सुया गेल्या, मशीन सुरू झालं, आणि मला जे पहिलं वाटलं ते असं: हा वाचला. तो माणूस अजून घरीही पोचला नसेल.

रविवार, ८

धाकट्याला मिठाचं सांगितलं. सगळं, मोजून घातलं तेही.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू माझ्यासाठी घातलंस."

"शिवी तरी द्यायचीस."

"ताई, तहान इतकी लागली होती की शिवी द्यायला थुंकी नव्हती."

दोघं हसलो. मग मी आत जाऊन रडले. ते त्यालाही ऐकू आलं असणार, कारण भिंग काही त्यानं लावलेलं नव्हतं.

मी विचारलं, "चिमणी तुझी कोण लागते रे?"

त्यानं हातातलं भिंग पुसलं. "शेवटच्या खुर्चीवर बसते," म्हणाला. एवढंच. मी एकतीस वर्षं साक्षी उतरवल्या, याहून छोटी आणि पुरी साक्ष आठवत नाही.

सोमवार, ९

टेलरच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक खोली, खिडकीशी मशीन, भिंतीला कागदाचे नमुने टांगलेले, जमिनीवर चिंध्या. तो मशीनवर नव्हता. खुर्चीत ताठ बसून हातानं बटणं लावत होता. शनिवारी घरी आल्यावर तहान आवरली नाही, घटाघटा प्यायला, आता आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून दोन रात्री बसून काढल्या, असं त्याच्या बायकोनं मला दारातच हळू सांगितलं. पाय सुजून चपलेबाहेर आले होते.

"या, कोर्टबाई. आज कुणाला फाशी?"

"दवाखान्यात चला. आत्ता."

"उद्या दोन वाजता. आज तिथं माझी खुर्ची नाही."

"छाती भरली तर लगेच या, म्हणालाय डॉक्टर."

"भरली नाही. नुसती कुरकुरतेय." दोन शब्दांमध्ये थांबावं लागत होतं त्याला. "भरली तर येईन. मरायची हौस नाही मला, बाई. तुमची कादंबरी अर्धी राहिलीय."

मी स्टुलावर बसले. त्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी ओवून दिला. मग दुसरा. मग विचारलंच. "का केलंत हो?"

"का म्हणजे?" त्याला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "पाचांत एक खुर्ची कमी. कुणीतरी उठायला नको?"

"तुम्ही? तुम्हाला एक दिवस बर्फ सुटत नाही."

"म्हणून तर. बाकीचे उठले तर ती त्यांची सवय आहे. मी कधी उठलो नव्हतो." बटण लावून झालं, दोरा दातांनी तोडला. "तुम्ही म्हणता तो लेखक खोटारडा. मी दोन दिवस तोच विचार करतोय. दुसरं करायला काय होतं? सगळं खोटं नाही बाई त्याचं. म्हातारा गेला, हे बरोबर आहे. जातात माणसं. एक मात्र चुकलं."

"काय?"

"त्याला तहान लागत नाही पुस्तकात. रुबाबात येतो, रुबाबात बोलतो. तसं नसतं. शुक्रवारी संध्याकाळी मी नळापाशी उभा राहून रडलो. तोटीला हात लावला, काढला, लावला. चिमणीला शिव्या दिल्या. तिची मुलगी, तो डॉक्टर, तुम्ही, सगळ्यांना. भीती तर आत्तासुद्धा वाटतेय. एवढं जर त्यानं लिहिलं असतं, तर तुम्ही पुस्तक आपटलं नसतं."

त्यानं सदरा उलटा केला आणि मी तिसरा दोरा ओवला. मी सत्तरीला आले, दोन भाषांत वाचलं, आणि या माणसाला दोन महिने मी अडाणी समजत होते.

संध्याकाळी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा म्हणाला, "बाई, जिवंत आहे, आता श्वास घेऊ द्या." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभी होते, समोर पाण्याचा पेला होता. तो प्यायला मला फार वेळ लागला.

मंगळवार, १०

भाग आला. अकरा वाजता चार नंबर सुरू झालं.

धाकटा एकपासून फाटकाशी उभा होता, काका आणि सरही. टेलरला त्यांनीच दोन्ही बाजूंनी धरून आणलं. तीन पायऱ्या होत्या, त्यांना पाच मिनिटं लागली. ओठ निळसर दिसत होते. काट्यावर चढवला. या वेळी कुणी काही काढून ठेवलं नाही, कुणी आकडा विचारला नाही. टेक्निशियननं मनातल्या मनात वाचला, लिहिला आणि वही मिटली. नाकाला नळी लावली. डॉक्टर स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसला आणि मशीन चालू झाल्यावरही उठला नाही.

पहिला तास मला आठवत नाही. मशीनवर काढलेल्या पाण्याचा आकडा चढत होता, तो मी बघत होते. त्याच्या छातीतून निघालेलं ते पाणी. दुसऱ्या तासाला ओठांचा रंग बदलला. डॉक्टरनं छाती ऐकली, नळी काढली, आणि पहिल्यांदा आमच्याकडे बघून मान हलवली. चिमणीनं डोळे मिटले.

टेलरनं डोळे उघडून खोली बघितली. मग मला बघितलं. "वाचा," म्हणाला, आणि तिसऱ्या ओळीला झोपला. तीन रात्रींची झोप होती ती. घोरायला लागला, आणि काय घोरणं! त्याची शिलाई मशीनसुद्धा इतका आवाज करत नसेल.

"ताई, हळू," धाकटा म्हणाला.

मला हळू म्हणायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती, न्यायाधीशांनीसुद्धा नाही. मी आवाज उतरवला. आणखी उतरवला. मग नुसते ओठ हलत होते, आणि कुणी तक्रार केली नाही, कारण कुणी ऐकतच नव्हतं. सगळ्यांचे कान त्या घोरण्याकडे होते. ते मधेच अडायचं, एक क्षण, दोन क्षण. आम्ही पाचही जण श्वास रोखून धरायचो. पुन्हा सुरू झालं की सोडायचो.

सहा वाजेपर्यंत आम्ही दुसरं काही केलं नाही.